राजाची ऐकायची खोली

टक्.

दुपारच्या शांततेत माझ्या ओसरीवर एका पितळी डब्याचं झाकण बसलं आणि खांबावर पेंगणारे पारवे फडफडून उडाले. आवाज एवढासाच, पण रिकाम्या घरात तोही मोठा वाटतो. आणि मी तर कितीतरी वर्षांपासून रिकामाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना महाल आहे. तिवश्याहून आत वळलं की संत्र्याच्या बागा लागतात, मग झेंडूची शेतं, आणि शेतं संपली की हंसतळं. त्या तळ्याच्या काठावर, पाण्यात पाय सोडून बसावं तसा मी बसलो आहे. महाल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झुंबरं आणि हत्ती आले असतील. तसं माझ्यात काही नाही. एखाद्या गावच्या शाळेएवढा माझा जीव. समोर लांब ओसरी, मागे दालनं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आणि पोटात एक खोली, जिची गोष्ट मला आज तुम्हाला सांगायची आहे.

मला बांधलं राजे उदेभान यांनी. जहागीर लहानशी होती, पण इकडचे लोक त्यांना राजाच म्हणत. काळा दगड इथलाच, सागवान मेळघाटातून बैलगाड्यांवर आलं. आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हाळ्यासाठी राजाने ओसरीच्या खाली, तळ्याच्या पातळीला, एक गारव्याची खोली काढली. भिंतीतल्या मोऱ्यांतून तळ्याचं पाणी आत येई, घोट्यापर्यंत खेळे आणि परत जाई. मधोमध राजाला बसायला एक दगडी चौथरा. ओसरीच्या कोपऱ्यातून अरुंद जिना खाली उतरे आणि शेवटच्या पायरीशी सागवानी दार.

खोली तयार झाली तेव्हा राजाने गवंड्याला विचारलं, "इथी बसून मले ओसरीवरचं बोलणं ऐकू येईन असं काही करता येते का?"

"येते महाराज," गवंडी म्हणाला. "पण मंग वरच्याले तुमचं ऐकू येणार नाई."

"मले तेच पायजे."

गवंड्याने ओसरीच्या भिंतीत एक मोठी दगडी जाळी बसवली. तिच्यामागे नरसाळ्यासारखी पोकळी केली. वर ती रुंद होती, खाली येता येता निमुळती होई आणि बरोबर चौथऱ्याच्या वर, बसलेल्या माणसाच्या कानाशी, मुठीएवढ्या भोकात संपे. वर कोणी कुजबुजलं तरी खाली नीट ऐकू येई. खालचा आवाज मात्र चढता चढता पसरून जाई आणि वरच्या कोलाहलात विरे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दाद मागायला आलेली माणसं ओसरीवर बसून आपसांत बोलत आणि न सांगता त्यांची गाऱ्हाणी दूर होत. "आपल्या राजाले पोटातलं कळते," असं लोक म्हणू लागले. माझी छाती अभिमानाने फुगायची. पण माणसं काही खुळी नसतात. हळूहळू त्यांना कळलंच. मग ओसरीवर येणारा प्रत्येक जण जाळीकडे तोंड करून गोड गोड बोलू लागला आणि खरं बोलणं झाडाखाली, माझ्यापासून दूर होऊ लागलं. राजा खाली बसून दिवसभर स्वतःची स्तुती ऐकायचा.

एका वैशाखात राजाला खालच्याच खोलीत ताप भरला. उठवेना तेव्हा त्याने हाक मारली. न बोलावता कोणी खाली यायचं नाही, असा त्याचाच हुकूम होता. वर त्याच्याच नावाचे पोवाडे चालले होते. तो हाका मारत राहिला आणि वर डफ वाजत राहिला. मी सगळं ऐकत होतो, मित्रांनो. दगडाला कान असतात, तोंड नसतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरून माणसं आली, तेव्हा राजाला कसलीच हाक मारायची राहिली नव्हती.

त्यानंतर माझे दिवस फिरले. राजाच्या पुढच्या पिढ्या अमरावतीला राहायला गेल्या. छताला वटवाघळं लोंबू लागली. ओसरीत कधी शेळ्या बसल्या, कधी पोरांनी क्रिकेट खेळलं. मग शेजारच्या झेंडूवाल्या माळी कुटुंबांनी ओसरी झाडून घेतली आणि फुलांची कॅरेटं सावलीला ठेवायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या बायकांनी तर मला पुन्हा घरपण दिलं. भाद्रपदाची पुनव आली की त्या ओसरीवर भुलोजी आणि भुलाबाईची, म्हणजे शंकर-पार्वतीची, मातीची जोडी मांडतात. महिनाभर संध्याकाळी टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. आणि शेवटी खिरापत. रोज एका घरचा डबा येतो, झाकण बंद असतं. डबा हलवायचा, सगळ्यांनी श्वास रोखून ऐकायचं आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही तर त्या घरचा मान मोठा.

त्या दुपारी झाकण लावलं होतं ते प्रणालीने. प्रणाली वरूडची मुलगी, इथल्या गोपालची बायको. मागच्या वर्षी तिचा डबा एकदाच हलला आणि सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या होत्या, "चिवडा!" शेजारणीने, जयवंताने, वर मीठ चोळलं होतं. "प्रणालीच्या डब्याले वाजवाचं काम नाई. डबाच सांगते, मी मुरमुरे हाओ म्हनून."

ते प्रणालीच्या मनात वर्षभर कुसळासारखं रुतलं होतं. या वर्षी तिने माहेरच्या संत्र्यांच्या वड्या केल्या होत्या, चांगल्या खडखडीत वाळवलेल्या. कोणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत अशा. पण जयवंताची मुलगी मोनाली वस्ताद. डबा आधी हाती लागला तर हलवून, हुंगून ती पत्ता लावणारच. म्हणून प्रणाली आपल्या सहा वर्षांच्या मुलीपुढे, रागिणीपुढे, उकिडवी बसली.

"रागू, हा डबा सांजवरी लपवून ठेवाचा. तूई लपजो. डबा वाजू नको देजो."

"कोणी आवाज देला तं?"

"ओ नको देजो."

"तू देला तरी?"

प्रणालीने क्षणभर विचार केला आणि हसली. "मी देला तरी. बाजूले जयवंताकाकू उभी असन तं काय सांगता? गाणे झाले का मीच शोधतो तुले."

रागिणीने मान डोलावली. डबा पोटाशी धरून ती जी पळाली, ती थेट ओसरीच्या कोपऱ्यात, जुन्या पोत्यांच्या मागे. तिथे माझा जिना आहे हे मोठ्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं. मांजराच्या पिल्लांमागे फिरणाऱ्या पोरीला ते माहीत होतं. ती खाली उतरली, खोलीत शिरली आणि दार आतून लोटून बंद केलं. मोऱ्यांतून तळ्याचा हिरवा उजेड येत होता. राजाच्या चौथऱ्यावर पाय हलवत, डबा मांडीवर घेऊन ती बसली. किती वर्षांनी तिथे कोणी बसलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शेतातून फुलं आली. दसरा तोंडावर होता आणि झेंडू पहाटे अमरावतीच्या बाजारात जायचा होता. गोपाल आणि शेजाऱ्यांनी कॅरेटवर कॅरेट रचलं. ओसरीवर भुलाबाईला जागा हवी म्हणून सगळी थप्पी कोपऱ्यात गेली, जिन्याच्या तोंडावर. त्यातली कितीतरी कॅरेटं प्रणालीनेच उचलून दिली.

मी बघत होतो. काय करणार?

आणि मग मला माझ्या पायांशी पाणी हललेलं जाणवलं. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास कालव्याला पाण्याची पाळी येते आणि तळं भरतं. शेतांना ते हवंच असतं. वाट बघतात लोक त्याची. मीही बघतो, भिंती गार होतात. पण त्या दिवशी मोऱ्यांतून आत आलेली पहिली धार मला सुरीसारखी लागली.

रागिणीला आधी गंमत वाटली. तिने पाय पाण्यात बुडवले. वरून भोकातून मोनालीचा आवाज आला, "रागी डबा घेऊन लपली वाटते," आणि ती तोंडावर हात दाबून खुदकन हसली. पाणी घोट्याला लागलं. मग पोटरीला. तेव्हा ती उतरून दाराशी गेली आणि ओढू लागली. दार आत उघडणारं, आणि आतलं पाणी त्याला बाहेर दाबून धरणारं. जुनं सागवान फुगलेलं. मोठ्या माणसालाही ते हललं नसतं. तिने दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं, आणि मग परत चौथऱ्यावर चढून बसली. रडली नाही. डबा मात्र आणखी घट्ट धरला.

उन्हं कलली. बायका जमल्या. भुलाबाईपुढे समई लागली. प्रणालीने इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ये वं रागू, बस झालं आता."

खाली रागिणीने तो आवाज ऐकला. आईने कानात सांगावं इतक्या जवळून. पण तिने ओठ घट्ट मिटले. आई म्हणालीच होती, मी आवाज दिला तरी. ही परीक्षा असेल, असं तिला वाटलं असावं.

प्रणालीने पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने. मग जयवंताने मारली, मग साऱ्यांनी. पाणी चौथऱ्यावर चढलं, तेव्हा रागिणी उभी राहिली आणि पहिल्यांदा ओरडली, "आई!"

तो आवाज माझ्या पोकळीतून चढू लागला. चढता चढता पसरला, पातळ झाला आणि जाळीशी पोचेपर्यंत वर दहा जणींचा गलका होता. "रागिणीऽ," "अवं रागूऽ," "कुठी गेली वं पोट्टी?" त्या गलक्यात तो मिसळून गेला. तिच्याच नावाच्या हाकांनी तिची हाक बुडवली.

मित्रांनो, राजाचा तो वैशाख मला आठवला. माझ्या दगडांवर काटा आला म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आला.

"पायऱ्याइवर पाहा," कोणीतरी म्हणालं. मग सगळ्यांची तोंडं तळ्याकडे फिरली. भरत चाललेलं पाणी शेवटच्या पायऱ्या गिळत होतं. गोपाल कपड्यांसकट उतरला, मागोमाग आणखी पुरुष. बांबू घालून चाचपू लागले. जयवंता प्रणालीचा दंड धरून उभी होती.

"डब्याची चिंता होती तिले," प्रणाली पुटपुटली.

"डबा गेला चुलीत," जयवंता म्हणाली. "पोरगी सापडू दे आंधी."

खाली पाणी रागिणीच्या कमरेला आलं होतं. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. पण खिरापत भिजू नये म्हणून तिने डबा हनुवटीखाली उचलून धरला होता, बरोबर त्या भोकासमोर. पाणी गार होतं. तिचे हात थरथरू लागले.

प्रणालीची सासू सुभद्रा तोवर शेतातून धावत आली. प्रणाली तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, मीच म्हनलं तिले. कोणी आवाज देला तरी ओ नको देजो. मी देला तरी नको देजो."

सगळ्यांना वाटलं आता सुभद्रा कडाडणार. तिने सुनेकडे पाहिलं. मग लुगड्याचा पदर खोचून वळली.

"मंग आपण काहून बोंबलून राहिलो? ती तोंड बांधून बसली असन कुठी. आवाज दिऊन ती बोलनार नाई. गप बसा साऱ्या. डबा वाजवते तवा जशा गप बसता ना, तशा." आणि पाण्याकडे तोंड करून ओरडली, "गोप्या, तुमीई थांबा. पाणी हलवू नका."

गोपाल छातीभर पाण्यात तसाच उभा राहिला. बायका जिथल्या तिथे बसल्या. समईची ज्योत सरळ झाली. या बायकांना ऐकण्याची सवय होती. महिनाभर रोज संध्याकाळी त्या श्वास रोखून एका डब्यातला आवाज ओळखत आल्या होत्या. इतकी शांतता माझ्या ओसरीवर राजाच्या काळातही कधी झाली नव्हती.

पारवा घुमला. थांबला.

आणि मग, अगदी बारीक, पितळेत काहीतरी टणक थरथरल्याचा आवाज आला.

"खडीसाखर," मोनाली म्हणाली.

जयवंताचा हात तिच्या पाठीत बसायला उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. प्रत्येक बाईने तो आवाज ऐकला होता.

"कुठून आला वं?" जयवंताने विचारलं.

मोनालीने भिंतीतल्या जाळीकडे बोट केलं.

प्रणालीने जाळीला कान लावला. हातानेच सगळ्यांना गप राहायला सांगितलं. मग दगडाला तोंड लावून म्हणाली, "रागू, मी आई बोलून राहिली. खेळ संपला. ओ दे, माय माझी."

खालून बसक्या घशातून आलं, "ओ."

"जिना!" सुभद्रा कपाळावर हात मारून म्हणाली. "माया लग्नाच्या वक्ताले उघडा होता. त्या कोन्यात. फुलं काढा."

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. दसऱ्याचा झेंडू, ज्याला कोणी पाय लागू देत नाही, तो ओसरीभर सांडला. कॅरेटं फेकली गेली, पोती ओढली गेली. गोपाल ओल्या अंगाने जिना उतरला आणि खांदा लावून दार ढकलू लागला. दार हलेना. पलीकडे पाणी होतं. तो हटून हटून धडक देत होता आणि वर प्रणाली जाळीला तोंड लावून बोलत होती.

"रागू, हायेस ना?"

सगळ्या गप.

"ओ."

"पाणी कुठलोक आलं?"

सगळ्या गप. बराच वेळ काही नाही. प्रणालीने डोळे मिटले.

"छातीलोक."

"खाली फोडा दार," सुभद्रा जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली. "पाणी भायेर आलं का आपोआप ढिलं होईन." कोणीतरी लोखंडी सब्बल दिली. गोपालने दाराच्या सगळ्यात खालच्या फळीवर घाव घातला. मेळघाटचं सागवान ते, पण माझीच फळी लवकर मोडावी म्हणून मी मनातून इतका जोर कधी लावला नव्हता. फळी कुरकुरली, चिरली, आणि पाण्याचा लोट जिन्यात घुसला. आतलं पाणी उतरलं. गोपाल दार ढकलून आत गेला.

तो वर आला तेव्हा रागिणी त्याच्या खांद्यावर होती. ओठ निळे, केस चिकटलेले, आणि डबा छातीशी. सुभद्राने आपल्या अंगावरची शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि डबा काढून घेऊ लागली. बोटं सुटेनात. एकेक बोट चोळून उलगडावं लागलं.

जयवंता जवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि तरी तिच्याच्याने राहवेना. "खडीसाखरच हाये ना वं बाई?"

"नाई," रागिणी कुडकुडत म्हणाली.

"मंग काय हाये?"

"नाई सांगत."

आणि इतक्या वेळाने पहिल्यांदाच ओसरीवर कोणीतरी हसलं. हसता हसता रडलंही.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी गोपालने ते दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं आणि मोऱ्या दगडांनी बुजवल्या. माझ्या अंगाला किती वर्षांनी डागडुजीचा हात लागला! तुमच्या गावातही असेल माझ्यासारखं एखादं जुनं घर. त्याला विसरू नका. त्याच्या बंद खोल्या, झाकलेल्या विहिरी, जिने मोठ्यांना दाखवून ठेवा. आणि एक सांगू? माझ्या राजाला वाटलं होतं, दुसऱ्याचं ऐकू आलं की झालं. खालून कोणी हाक मारली तर ती वर पोचायला हवी आणि वरच्यांनी त्यासाठी थोडं गप बसायला हवं, एवढं त्याने केलं असतं, तर माझी गोष्ट निराळी झाली असती.

त्या संध्याकाळी मात्र मला हे काही सुचत नव्हतं. मी फक्त बघत होतो. सांडलेल्या झेंडूत प्रणाली मांडी घालून बसली होती आणि रागिणी तिच्या कुशीत होती. बायका हळूहळू भुलाबाईचं गाणं म्हणू लागल्या होत्या. शालीतून फक्त नाक आणि डोळे बाहेर काढून पोरीने आईकडे पाहिलं. प्रणालीने तिच्या कपाळावरचं पाणी पुसलं आणि "काय वं?" असं विचारलं. रागिणीच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, मले तुया आवाज इतका जवळून ऐकू येत होता. मंग तुले माया काहून नाई आला?"